मागच्या दाराचा कडुनिंब

माझा धाकटा भाऊ आणि मी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतो. भिंत इतकी पातळ की त्याच्याकडे मिरचीची फोडणी पडली तर आमच्या देवघरात ठसका लागतो. तरीही आम्ही एकमेकांशी बोलत नाही. जे सांगायचे ते भिंतीला ऐकवतो. तो सकाळी आपल्या म्हशीला ज्या शिव्या देतो, त्या सर्वच काही म्हशीसाठी नसतात. आणि मी सायंकाळी स्तोत्र म्हणताना शत्रुनाशाचे चरण थोडे चढ्या स्वरात म्हणतो, हे माझ्या पत्नीने मला एकदा ऐकवलेले आहे.

या वैराचे मूळ ना शेतात आहे, ना घराच्या वाटणीत. ते ग्रामदेवीच्या गाभाऱ्यात आहे. आमचे गाव देऊळगाव राजापासून फार दूर नाही. देवीची पूजा आमच्या कुळाकडे परंपरेने आली आणि वडिलांच्या पश्चात नवरात्राचा मान आम्हा दोघा भावांत वर्षाआड वाटला गेला. याला गावात ‘पाळी’ म्हणतात. ज्याची पाळी असेल त्याच्या घरातील एका पुरुषाने घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत सोवळ्यात राहून गाभाऱ्यात बसायचे. त्या काळात त्याने देवळाचा उंबरा ओलांडायचा नाही. ज्या घराला आपल्या वर्षी बसायला माणूस देता आला नाही, त्याची पाळी मोडते. मोडलेली पाळी परत मिळत नाही. ती दुसऱ्या घराकडे कायमची जाते. माझे गुडघे निकामी झाले, मांडी घालणे अशक्य झाले, तेव्हापासून भिंतीपलीकडे त्या दिवसाची प्रतीक्षा सुरू झाली. माझ्या घरात बसण्यासारखा एकच पुरुष उरला होता, तो म्हणजे माझा मुलगा.

आणि माझा मुलगा शववाहिका चालवत होता.

हे आरंभीच लिहून टाकतो. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात तो कंत्राटी नोकरीला होता. आम्हाला त्याने सांगितले होते की कचेरीत कागदपत्रे सांभाळतो. प्रत्यक्षात तो तेथून प्रेते घेऊन निघे आणि ज्याची त्याला, त्याच्या गावी पोचवी. हात लावायला कोणी पुढे आले नाही तर स्वतः खांदा देऊन उतरवी. पुजाऱ्याच्या घरात याचा अर्थ काय होतो, हे सोवळे-ओवळे जाणणाऱ्यांना सांगावे लागणार नाही. इतरांसाठी एवढेच की, प्रेताला शिवलेला माणूस स्नान केल्याखेरीज घरात येत नाही; आणि ज्याचा तो नित्याचा व्यवसाय आहे, त्याला आमच्या गावाने गाभाऱ्यात बसू दिले नसते. मला यातले काहीही ठाऊक नव्हते. भावाला कळले ते बाहेरच्या कोणाच्या तरी तोंडून. माझ्या पत्नीला मात्र कोणीही सांगितले नव्हते, आणि तिला ते सर्वांच्या आधी कळले होते.

तिचे माहेर खामगावकडचे. लग्न होऊन एवढी वर्षे लोटली तरी तिच्या बोलण्यातले ‘मले-तुले’ गेले नाही. पाठशाळेतले माझे सहाध्यायी घरी येत, तेव्हा मला त्याचा संकोच वाटे. तिला कधी वाटला नाही. ती फारसे बोलतही नसे. देवीच्या नैवेद्याचा स्वयंपाक ती करी आणि तो असा करी की माझी भावजयही त्या एका बाबतीत वैर विसरून तिची स्तुती करी. नैवेद्य चाखायचा नसतो. देवीच्या आधी माणसाच्या जिभेला लागलेले अन्न उष्टे. ते दाखवता येत नाही, सगळा स्वयंपाक नव्याने करावा लागतो. त्यामुळे मीठ, साखर, तिखट सर्व काही अंदाजाने. ती भांड्यावर वाकून वाफ घेई, क्षणभर थांबे, आणि चिमूटभर मीठ आणखी टाकी किंवा टाकत नसे. तिच्या हातचे वरण अळणी झाले किंवा खारट झाले असे मी कधी पाहिले नाही.

मुलगा नोकरीला लागला त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. एरवी तो पुढच्या दाराने येऊन चपला कुठेही भिरकावणारा. त्या संध्याकाळी तो घराला वळसा घालून मागच्या दाराशी आला. केस ओलेच होते, तरी म्हणाला, “आई, न्हायला पाणी दे. बसमध्ये फार धूळ होती.” तिने पाणी दिले. धुळीने माखलेल्या माणसाचे केस ओले कसे, हे तिने विचारले नाही. मीही विचारले नाही, कारण माझ्या ते ध्यानातच आले नाही.

आठवडाभराने मागच्या दाराच्या चौकटीत कडुनिंबाची एक डहाळी खोचलेली मला दिसली. खाली पाण्याने भरलेली कळशी. आमच्याकडे स्मशानातून परतलेला माणूस घरात पाऊल टाकण्याआधी कडुनिंबाचा पाला चावतो, थुंकतो आणि पाय धुतो. म्हणून मी संतापलो.

“हा पाला येथे कशाला? कोणाच्या मयताहून कोणी यायचे आहे काय? भरल्या घरात अभद्र!”

“मच्छर लय झाले,” ती म्हणाली.

“मग तो जाळ. दारात खोचून डास जातात काय?”

“जातेत.”

त्या दिवसापासून पाला रोज बदलला जाऊ लागला. मुलगा मागच्या दाराने येई. मी देवघरात असे. त्याने तो पाला पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल, हे त्यालाच माहीत. पुढे त्याने मला एकदा एवढेच सांगितले की, पहिल्या दिवशी तो डहाळी हातात धरून बराच वेळ उभा राहिला, आणि आत चुलीपुढे पाठमोरी बसलेली आई वळली नाही.

तिला कसे कळले, याचा उलगडा मी नंतर तिच्याकडून तुकड्या-तुकड्याने करून घेतला. तिने नीटपणे कधी सांगितले नाही. म्हणाली, तो मिठाच्या बरणीला हात लावीनासा झाला, ताटात मीठ कमी असले तरी तसाच जेवी. देवघराच्या उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार करू लागला आणि मी गंध उगाळायला सांगितले की त्याला काहीतरी काम आठवे. अंगणात लहान मूल रांगत आले तर पाय आक्रसून घेई. आणि घरात शिरताना हळू बोले. “दुःखाच्या घरी जातेत ना लोक, तसा बोले तो. आपल्याच घरी.” यावरून तिने कचेरीतले कागद कुठले ते ओळखले. मी चार वेद जाणणाऱ्यांच्या पायाशी बसलो, पण त्याच घरात त्याच ताटाशेजारी जेवत होतो आणि मला काही ऐकू आले नाही. त्याबद्दल मी शोक करीत बसलेलो नाही. ज्याला सांगायचे नाही असे मुलाने ठरवले होते, त्याला न कळणे यात नवल नाही. त्याने लपवले, आणि लपवले म्हणून मला राग आला. तो राग अजूनही पुरता गेलेला नाही.

यंदा पाळी आमची होती. पितृपक्ष संपत आला तेव्हा मी पंचांना सांगून टाकले की माझा मुलगा बसणार. मग घरी येऊन मुलाला सांगितले. तो जेवत होता. त्याचा हात ताटातच थांबला.

“मला सुटी मिळणार नाही, बाबा.”

“देवीच्या कामाला सुटी मिळत नाही असे कसे? नसेल तर नोकरी सोड.”

त्याने पाणी प्यायले आणि उठून गेला. पत्नी भाकरी थापत होती. तिने परातीतून हात काढला.

“त्याले नका बसवू.”

“का?”

“काऊन ते मले नका इचारू.”

“पाळी मोडेल. तुला ठाऊक आहे पलीकडे काय वाट पाहणे चालले आहे ते.”

“मोडली तं मोडू द्या.”

मी त्या दिवशी तिला पुष्कळ कठोर बोललो. पूर्वजांची सेवा, कुळाचा मान, भावाचे कपट, सर्व काही. तिने भाकरी तव्यावर टाकली, उलटली, शेकली, आणि मी थांबल्यावर म्हणाली, “त्याच्या तोंडानं आलं पाहिजे ते. माह्या नाही.” काय यायला पाहिजे, हे मी विचारले नाही. मला वाटले, मुलगा आळशी आहे आणि आई त्याला पाठीशी घालते आहे. भिंतीपलीकडे कोणीतरी मोठ्याने हसले.

घटस्थापनेच्या सकाळी देवळाचा सभामंडप भरला होता. मुलाने विहिरीवर स्नान करून सोवळे नेसले. रेशमी कद माझाच. त्याला आखूड होत होता. माझी पत्नी ओवरीतल्या स्वयंपाकघरात पहाटेपासून नैवेद्य करीत होती. मी खांबाला टेकून खुर्चीवर बसलो होतो. मुलगा गाभाऱ्याच्या पायरीशी आला, आणि तेवढ्यात माझा भाऊ पुढे झाला. कित्येक वर्षांनी त्याने माझ्याकडे तोंड करून शब्द उच्चारले.

“दादा, बसवा. कोण नाही म्हणतं? फक्त एक करा. गावापुढं त्याले बेलभंडार उचलू द्या.”

बेलभंडार उचलणे म्हणजे आमच्याकडची शेवटची शपथ. ताम्हनात बेलाची पाने आणि हळद ठेवतात. सोवळ्यातल्या माणसाने ती देवीसमोर हातात घेऊन जे सांगितले ते सत्य, मग त्यापुढे तक्रार नाही. आणि ती खोटी उचलली तर कुळाचा निर्वंश होतो, असे येथील लहान मूलही मानते. मीही मानतो.

“कशाबद्दल?” मी विचारले.

“म्हणा, या साली मी कोण्या परक्या मढ्याले हात लावला नाही. बस. एवढंच.”

मंडपात कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणाले, “साचं असल तं बेलाचं काय भेव?”

“तुझ्या मुलाने मागच्या वर्षी उचलला होता काय?” मी म्हणालो.

“माह्या पोराबद्दल कोनी काही बोलत नाही, दादा. तुमच्याबद्दल बोलतेत. तुमी बसता देवघरात कानात बोटं घालून.”

हे सर्व द्वेषातून आले आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. आणि तसे ते होतेही. मी मुलाकडे वळलो आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, “उचल रे. यांच्या तोंडावर उचल.”

त्याने माझ्याकडे पाहिले नाही, ओवरीकडे पाहिले. मग हात पुढे केला. भावाने ताम्हन आधीच भरून आणले होते. हळदीवर बेलाची पाने व्यवस्थित रचलेली होती. मला त्या क्षणीही ते खटकले नाही.

लोक बाजूला सरले, कारण माझी पत्नी नैवेद्याचे ताट घेऊन येत होती. सोवळ्यातल्या बाईला धक्का लागू नये म्हणून माणसे अंग चोरून उभी राहतात, तशी वाट झाली. ती सरळ गाभाऱ्यात जाईल असे सर्वांना वाटले. ती मुलाशेजारी थांबली. ताट पायरीवर ठेवले. वरचे केळीचे पान उचलले. खिरीच्या वाटीत बोट बुडवले आणि तोंडात घातले.

आयुष्यभर तिने नैवेद्याचा एक कण जिभेला लावला नव्हता.

“साखर बरोबर पडली,” ती म्हणाली. आणि त्याच उष्ट्या हाताने तिने मुलाचे मनगट धरले.

आता नैवेद्य गेला आणि मुलाचे सोवळेही गेले. उष्ट्या हाताने शिवलेला माणूस बेलभंडाराला हात लावू शकत नाही.

“वहिनी!” भाऊ ओरडला. “डोस्कं ठिकाणावर हाये काय? उष्टा हात लावला त्याले!”

“हाव. लावला.”

“जाय रे, आंघोळ करून ये लवकर. मुहूर्त चाल्ला.”

“जाऊ द्या त्याले,” ती म्हणाली. “न्हाऊन आला का मी पुन्हा शिवीन. पुन्हा न्हाला, पुन्हा शिवीन. हिरीचं पाणी सरन, भाऊजी, माहा हात सरनार नाही.”

बायकांच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसले आणि गप्प झाले. पंचांतले सर्वांत वृद्ध गृहस्थ पुढे झुकले. “बाई, पण काऊन असं?”

“देवीपुढं माह्या लेकराच्या तोंडून खोटं निघू देणार नाही मी. बाकी काय ते तो सांगन. नाही सांगाचं तं नको सांगू. पण बेल नाही.”

तिने मनगट सोडले नव्हते. माझ्या मुलाने तिच्याकडे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळले की त्यालाही तिला किती ठाऊक आहे याची पुरती कल्पना नव्हती. पाला तो रोज चावत होता; पण तो पाला नेमका कशासाठी ठेवला जातो, हे त्याने स्वतःलाही स्पष्टपणे सांगितले नसावे.

“काका, राहू द्या तो बेल,” तो म्हणाला. “मी मढ्याची गाडी चालवतो. दवाखान्यातून. नोकरी लागली तेव्हापासून.”

मी खुर्चीतून उठू पाहिले. गुडघ्यांनी साथ दिली नाही.

“ऐका!” भाऊ मंडपाकडे वळला. “ऐका समदे! अन् आत्ता याच हातानं बेल उचलत होता हा! खोटं उचलत होता!” आणि त्याने खांबाआड बसलेल्या एका माणसाला हाताने बोलावले. तो सुलतानपूरचा शेतकरी होता. डोक्याला नुकतेच आलेले खुंट होते, म्हणजे घरात मृत्यू होऊन फार दिवस झाले नव्हते. “या इकडं. सांगा बरं गावाले, तुमच्या बापाचं मढं कोणी आणलं ते.”

तेव्हा कोठे माझ्या ध्यानात आले. ताम्हन तयार होते, साक्षीदार तयार होता. भावाला सत्य आधीच ठाऊक होते. त्याला माझा मुलगा गाभाऱ्यात नको होता, एवढेच नव्हते. त्याला माझा मुलगा देवीसमोर, गावासमोर, खोटी शपथ वाहताना पकडायचा होता. पाळी तर मोडलीच असती, पण त्यानंतर आमच्या घराच्या शब्दाला, आमच्या मंत्राला, आमच्या हातच्या पाण्यालाही कोणी विचारले नसते. आणि “उचल” असे मीच म्हणालो होतो.

सुलतानपूरचा माणूस उभा राहिला. त्याने आधी माझ्या मुलाकडे पाहिले, मग भावाकडे.

“हो, यानंच आणलं. आम्ही दोघं भाऊ भांडून राह्यलो होतो, कोणी उतरवाचं म्हणून. तं यानं खांदा देला.” त्याने खाली ठेवलेला नारळ उचलला. “मले तुमी दर्शनाले या म्हणाले. याच्यासाठी बोलावलं होतं काय? मह्या बापाचं नाव घेऊन?”

“अहो, तसं नाही…”

“मंग कसं?” तो नारळ तसाच घेऊन, देवीपुढे न वाढवता, निघून गेला. भाऊ त्याच्या पाठीकडे पाहत राहिला. त्या सकाळी त्याचा तेवढाच पराजय झाला.

बाकी सर्व त्याच्या मनासारखे झाले. पंचांनी फार चर्चा केली नाही. पाळी मोडली, असे वृद्ध गृहस्थ म्हणाले आणि माझ्याकडे न पाहता उपरण्याने तोंड पुसले. भावाचा मुलगा सोवळे नेसून, केस ओले ठेवून, देवळामागे उभाच होता. भावजयीची खीर तिच्या घरी शिजून तयार होती. ती झाकून आणण्यात आली. घट बसले. शंख वाजला तेव्हा आम्ही तिघे वेशीपर्यंत पोचलो होतो.

वाटेत मी पत्नीला म्हणालो, “पूर्वजांची सेवा एका बोटाने बुडवलीस.”

“हाव,” ती म्हणाली. “पोराच्या जिभेनं बुडाली असती, त्याच्यापरीस बरं.”

घरी मुलाने कद उतरवून घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवली. मी त्याला विचारले, मला का सांगितले नाहीस. तो म्हणाला, “सांगितलं असतं तर तुम्ही शास्त्र काढलं असतं. वेतन घेऊन केलं तर किती अशौच, फुकट केलं तर किती. मला ते ऐकायचं नव्हतं.” यात असत्य काहीही नव्हते. त्याच क्षणी माझ्या मनात तो विचार येऊनही गेला होता: अनाथ प्रेताचे वहन हे पुण्यकर्म आहे, पण मोबदला घेतला तर ते पुण्य उरते का? मी कदाची घडी उचलून पेटीत ठेवली. तो गाडी का चालवतो, हेही त्याने सांगितले. नोकरीला लागला तो रुग्णांच्या गाडीवर. पहिल्याच आठवड्यात शववाहिकेचा चालक आला नाही आणि एक बाई आपल्या मुलाच्या प्रेताशेजारी उन्हात बसून होती. त्याने तिला घरी नेले. दुसऱ्या दिवशी त्याला कोणी जा म्हणाले नाही. तो स्वतःच गेला. “तिथं मी पोचलो की लोक रडायचं थांबून माझ्याकडं बघतात, बाबा. कोणीतरी आलं म्हणून.”

त्यानंतर त्या नवरात्रात मी पत्नीशी बोललो नाही. भिंतीपलीकडून आरतीच्या तयारीचा गोंधळ, भावजयीचे पैंजण, भावाचे आज्ञा देणे, सर्व ऐकू येई. ज्या घरात आयुष्यभर नैवेद्य शिजला त्या घरात चूल वेळेवर पेटत नव्हती. संध्याकाळी देवळाची घंटा दुसऱ्याच्या हातची वाजे, आणि मला प्रत्येक ठोक्याचा तोल चुकलेला वाटे. मी पत्नीला क्षमा केली असे लिहिणे सोपे आहे. मी अजूनही सकाळी उठतो तेव्हा पाय आपोआप देवळाच्या दिशेने वळू पाहतात आणि मग आठवते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुलगा कामावरून परतला. आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून तो पुढच्या दाराने आला. पत्नी चौकटीत आडवी उभी राहिली.

“इकडून नाही. मांगून ये.”

“आई, आता सगळ्यांना माहीत झालं.”

“माहीत झालं म्हून काय झालं? देव घरात हायेत. मांगून ये, पाला चाव, पाय धू. मंग ये.”

तो क्षणभर रागावलेला दिसला. मग हसला आणि वळसा घालून गेला. मला हे फार चमत्कारिक वाटले. जिने देवीचा नैवेद्य सर्व गावासमोर उष्टा केला, ती घरच्या उंबऱ्याशी एका डहाळीवरून अडून बसली होती. मी तसे बोललोही. वाटेतल्या त्या बोलण्यानंतर तिच्याशी बोललेले माझे ते पहिले वाक्य.

“तेव्हा सोवळे कुठे गेले होते?”

“तेव्हा खोटं होतं समोर,” ती म्हणाली. “हे खोटं नाही. हे तं मयताहून येनं हाये.”

भाऊ आता आमच्या गल्लीतून कोणतीही गाडी गेली की शववाहिका समजून भिंतीवर गोमूत्र शिंपडतो. कधी कधी गाडी नसली तरी शिंपडतो. मुलगा ती गाडी गल्लीत आणतच नाही. ती दवाखान्यात उभी असते आणि तो बसने घरी येतो. पण भावाला हे कोण सांगणार? आम्ही बोलत नाही.

परवा दिवेलागणीला मी मागच्या ओसरीवर बसलो होतो. देवघरातून उठून मी तेथे बसू लागलो आहे. येथे गुडघ्यांना पायऱ्या कमी चढाव्या लागतात, असे मी पत्नीला सांगितले. तिने ते खरे मानले की नाही, ते मला ठाऊक नाही. तिने माझ्यासाठी तेथे चटई टाकली. मुलगा फाटक उघडून आला, केस ओले, चालणे संथ. कोणत्या गावाहून आला, कोणाच्या घरी गेला होता, घरात मागे कोण उरले, असे प्रश्न माझ्या ओठांवर आले. ते प्रश्न मी त्याला आजवर कधीच विचारले नव्हते.

“आज कुठे गेला होतास?” मी म्हणालो.

तो थांबला. उत्तर देण्यासाठी त्याने तोंड उघडले.

“थांबा जरा,” आतून पत्नीचा आवाज आला. कळशी उचलल्याचा आवाज झाला, आणि ती चौकटीत आली. “आधी त्याले पाला तं चावू द्या. मंग इचारा.”